नुसतं पीठ

बांधकामावर त्याला सगळे घार म्हणायचे. सतराव्या मजल्याच्याही वर, क्रेनच्या केबिनमध्ये तो दिवसभर बसायचा आणि लोखंडाचे भारे असे अलगद टेकवायचा की खाली आवाजसुद्धा होऊ नये.

मग मोठ्या आतड्याला सूज आली. व्रण झाले, रक्त पडू लागलं. दिवसातून बारा-पंधरा वेळा शौचाला धावावं लागे आणि शिडीने खाली यायला वीस मिनिटं. एकदा जमलं नाही. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावरच तो उतरला. बायकोने कपडे धुतले.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. थोडंफार बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "पोटाला चांगल्या मानल्या जाणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास चाललाय. गोळ्या सोडायच्या नाहीत, वर रोज एक पुडी घ्यायची. निम्म्यांना जिवाणू, निम्म्यांना नुसतं पीठ. कुणाला काय मिळतंय, ते शेवटपर्यंत मलाही कळणार नाही."

त्याने सही केली. दोन महिन्यांत रक्त थांबलं. पुडी फोडताना तो बायकोला म्हणायचा, "आली बघ माझी फौज!"

वर्षाने उलगडा झाला. त्याच्या पुड्यांत पीठ होतं.

"मग मी बरा कसा झालो?"

"गोळ्यांनी असेल. हा आजार कधीकधी आपणहून शांतही बसतो. पण तुमची सूज खरी होती, मी डोळ्यांनी पाहिलीये."

"आणि जिवाणू?"

"काहींना उपयोग होत असेलही. आमच्याकडे माणसं थोडी होती, ठाम सांगता येत नाही."

हे त्याने हसत हसत मुकादमाला सांगितलं, तिथेच चुकलं. आठवड्यात सगळ्या बांधकामावर पसरलं. थोरला भाऊ घरी येऊन म्हणाला, "म्हणजे नाटकंच की सगळी! आईच्या जिवाला उगाच घोर."

हिवाळ्यात रक्त परत सुरू झालं. त्याने रजा मागितली.

"या खेपेला घरचंच पीठ खा," मुकादम म्हणाला.

खाली धावावं लागू नये म्हणून तो उपाशीपोटी तीन दिवस वर चढला. चौथ्या दिवशी शिडीवरच डोळ्यांपुढे अंधारी आली. दोघांनी दोर बांधून त्याला उतरवलं. इस्पितळात मोठं आतडं काढावं लागलं आणि मळ बाहेर घ्यायला पोटाला कायमची पिशवी आली.

भाऊ फळं घेऊन भेटायला आला. पिशवी दिसताच त्याने मान फिरवली. "एवढं असेल असं आम्हाला काय माहीत?"

"दोन वर्षं सांगत होतो, दादा."

बायकोने फळांची पिशवी उचलली आणि दिराच्या हातात परत दिली.