खोकल्याची गल्ली

शाळेच्या हॉलच्या दारात आम्हाला थांबवलं.

आमच्या पुढं नवी पेठेतले व्यापारी आत गेले. दारातला शिपाई त्यांच्या तळहातावर सॅनिटायझर टाकत होता आणि 'या साहेब, या' म्हणत होता. आमची पाळी आली तशी त्यानं बाटली मागं घेतली. आत बघून हाक मारली. पाठीवर पंप अडकवलेला माणूस बाहेर आला. शेतात औषध मारतात ना, तसला पंप.

"डोळं मिटा. तोंड झाका. न्हाय न्हाय, हात वर करा आदी."

आम्ही गल्लीतल्या चारपाचजणी होतो. हात वर केले. फवारा डोक्यापासून पायापर्यंत आला. डोळे झोंबले, नाकात उग्र वास भरला. आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या शांताक्का. त्यांचा पदर घसरला. सावरायला हात खाली केला तर पंपवाला ओरडला, "वर!" भिजलेलं लुगडं अंगाला चिकटलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. आत खुर्च्यांवर बसलेली माणसं बघत होती. एकानं मोबाईल वर धरला होता.

त्यांच्यात अण्णा होते. ज्यांच्या साडीच्या दुकानात मी कामाला होते, ते. माझ्या लग्नाला दुकानातली आवडेल ती साडी देणार असं गिऱ्हाइकांदेखत सांगायचे. त्यांनी मला ओळखलं. मग मान खाली घातली आणि खुर्ची थोडी मागं सरकवली.

मी आईला अम्मा म्हणायची. अम्मा जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आणि आम्हाला तिथं कशाला बोलावलं होतं? आभार मानायला.

आमची गल्ली सोलापूरच्या पूर्व भागात. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. आज्याच्या काळात घरोघरी माग होते. माग बंद पडले, पुरुष मिळेल त्या कामाला लागले आणि बायकांच्या मांडीवर सूप आलं. सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात भिजवलेली पानं. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तेच. मुलगी बघायला आलेले लोक तिला बिडी वळता येते का म्हणून विचारतात. खोकला आहे का असं कुणी विचारत नाही. तो असतोच. तंबाखूची धूळ कुणाला सोडत नाही. कोण कुठल्या घरात आहे ते आम्हाला खोकल्यावरून कळतं. अम्मा वळणावर आली की मी चहाचं आधण ठेवायची.

मला मात्र तिनं सुपापुढं बसू दिलं नाही. "तू शाळेत जा, बिड्डा," म्हणायची. बिड्डा म्हणजे लेकरू. मी बारावी झाले, दुकानात लागले, स्वच्छ कपड्यात नवी पेठेत जाऊ लागले. अम्माला त्याचा लई अभिमान.

मग रोग आला आणि सगळं बंद झालं. शहरात माणसं घरात बसून मोबाईलवर भांडू लागली. कुणी म्हणे अजून कडक करा, कुणी म्हणे सरकारनं वाटोळं केलं. मी सरकारच्या बाजूची होते. शिकलेली ना! लोक नियम पाळत नाहीत म्हणून मीही दोनचार मेसेज पुढं पाठवले.

घरोघरी तपासणी सुरू झाली तेव्हा आमच्या भागाच्या डॉक्टरबाईंनी मला बोलावलं. म्हाताऱ्या बायकांना मराठी नीट समजत नाही, तू बरोबर फिर, तेलुगूत समजावून सांग, म्हणाल्या. त्यांनी मला मास्क दिला, गळ्यात अडकवायला ओळखपत्र दिलं. आणि शब्द दिला.

"लोकांना सांग, लपवू नका. खोकला असेल त्याला औषध घरपोच देऊ. कुणालाही कुठंही नेणार नाही. माझा शब्द आहे."

मी तो शब्द गल्लीत घेऊन आले. नळावर बायका जमल्या होत्या. शांताक्का लगेच म्हणाल्या, "सांगू नगा गं काय. हात दाखवून अवलक्षण कशाला? नेतील उचलून."

अम्मानं घागर खाली ठेवली. "सरकार इचारतंय तर खरं सांगायचं. आपण काय चोरी केलीय व्हय?"

गल्ली अम्माचं ऐकायची. भांडण लागलं तर तिच्याकडं यायचे, बाळंतिणीला बघायला तिलाच बोलवायचे. तिनं सांगितलं आणि विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी तपासणीवाल्या ताई आल्या. पहिलं घर आमचंच. "खोकला आहे का?"

"हाय की," अम्मा म्हणाली. "तुझ्या जन्माच्या आदीपास्नं हाय."

सगळ्या हसल्या. ताईसुद्धा हसल्या. मग दारोदार तोच प्रश्न आणि दारोदार तेच उत्तर. घरात मीठ आहे का विचारावं आणि बाईनं 'हाय की' म्हणावं, तसं त्या सांगत होत्या. मी ताईंना म्हणाले, "हा बिडीचा खोकला आहे. तुमच्या रोगाचा नाही." त्या म्हणाल्या, "मला फक्त हो का नाही तेवढंच विचारायला सांगितलंय." मला तेव्हाही काही वाटलं नाही.

पुढच्या सकाळी बस आली. बसमागून पत्र्यांनी भरलेला टेम्पो. 'हाय की' म्हणालेल्या बायकांना नावं पुकारून बाहेर काढलं. कुणी भाकरी थापत होतं, तिला हातही धुवू दिले नाहीत. अम्माच्या पायात चप्पल नव्हती. ती मला म्हणाली, "पानं भिजवलीत, बिड्डा. फडकं ओलं ठेव. आले की वळते." शांताक्कांनी मात्र आदल्या दिवशी दार आतून लावून घेतलं होतं. त्या राहिल्या. बस गेली आणि गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले.

ठोकण्याचा आवाज चालू असताना मी डॉक्टरबाईंना फोन लावत होते. फार वेळानं त्यांनी उचलला. "वरून आदेश आला," म्हणाल्या. "माझ्या हातात काही नाही."

तुमच्या हातात काही नव्हतं, तर शब्द कशाच्या जिवावर दिला?

संध्याकाळपर्यंत आमचं नाव शहरभर झालं. खोकल्याची गल्ली. कुणीतरी आमच्या बसचा व्हिडिओ टाकला होता, खाली लोक मनाला येईल ते लिहीत होते. या बायका थुंकी लावून बिड्या चिकटवतात, तिथूनच रोग पसरला, असंही एकानं लिहिलं. जिवाला लागलं. दूधवाला पत्र्यावरून पिशवी टाकून पळायला लागला. त्याची आई आमच्याच गल्लीत वाढलेली.

अम्माला एका वसतिगृहाच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. खाटेला खाट लावून. तिथून ती फोन करायची. एकदा म्हणाली, "माज्या शेजारची बाई तापानं फणफणलीय. तिला पाणी द्यायला पण कुणी न्हाय, मीच देते. मला ताप न्हाय गं, बिड्डा. मला दुसरीकडं झोपवा म्हनावं की."

मी सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरबाईंना, हेल्पलाइनला, पत्र्याबाहेरच्या पोलिसाला. सगळीकडून एकच उत्तर, रिपोर्ट येईपर्यंत कुणाला हलवता येत नाही.

मग अम्माला ताप आला. मग तिचा फोन बंद लागायला लागला. तिला दवाखान्यात हलवलं हे तिच्याबरोबर नेलेल्या गल्लीतल्या दुसऱ्या बाईकडून कळलं. आणि ती गेली, हे एका अनोळखी माणसानं सांगितलं. त्यानं आधी माझं नाव विचारलं, मग तिचं, मग सांगितलं, आणि घाईत फोन ठेवला. तोंड बघायला मिळालं नाही. मी त्या दिवसापर्यंत फडक्यावर पाणी शिंपडत होते. तरी पानं काळी पडलीच.

त्यानंतर रिपोर्ट आला. बसमधून उतरल्या उतरल्या नाकातून नमुना घेतला होता, त्याचा. निगेटिव्ह. म्हणजे घरातून नेलं तेव्हा तिला काही झालेलं नव्हतं. तो रोग तिला सरकारी खाटेवर मिळाला. शेजारच्या बाईचा त्यात दोष नाही. तीही कुणाची तरी अम्माच असेल.

अशात डॉक्टरबाई पत्र्यापाशी आल्या. पलीकडूनच बोलल्या. शाळेत पालिकेच्या मोठ्या साहेबांची बैठक आहे, व्यापारी आहेत, पेपरवाले आहेत, सगळे प्रशासनाला नावं ठेवतायत. "तू दोन शब्द बोल. गल्लीची चांगली सोय केली, गल्ली आभारी आहे, एवढंच. साहेब खूश झाले की उद्या पत्रे निघतील. बिडीचं काम पण चालू होईल."

अम्माबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

मी नाही म्हणणार होते. पण बायका माझ्याभोवती जमल्या, मागं राहिलेल्या आणि वसतिगृहातून सुटून परत आलेल्याही. कुणाच्या घरात पीठ नव्हतं. कुणाचं लेकरू पाण्यात साखर ढवळून पीत होतं. "बोल की गं," शांताक्का म्हणाल्या. "आभार मानून तोंडाला काय भोक पडतंय?" मी हो म्हणाले. गल्लीसाठी म्हणाले.

पोलिसानं एक पत्रा सरकवून आम्हा चारपाचजणींना शाळेत सोडलं, दारात फवारलं आणि मग आत घेतलं. हॉलमध्ये भांडण पेटलेलं होतं. अण्णा उभे राहून बोलत होते. "रोग बिडीवाल्यांच्या गल्लीत आणि कुलूप आमच्या पेठेला? हा कुठला न्याय? त्यांना ठेवा की बंद. आमाला उघडू द्या." दुसऱ्या बाजूनं एक पेन्शनर गृहस्थ उठले. "अजून कडक करा. या लोकांना दंडुक्याशिवाय समजत नाही." दोघंही एकमेकांवर तुटून पडले. एकाला सरकार जास्त कडक वाटत होतं, एकाला कमी. आम्हाला कोंडायचं, एवढ्यावर मात्र दोघांचं जमत होतं.

साहेबांनी हात वर केला. "तिथल्या भगिनीच सांगतील," म्हणाले.

शिपायानं माईकला प्लास्टिकची पिशवी घातली आणि काठी धरावी तसा लांबून माझ्यापुढं धरला. "हात लावू नको. लांबूनच बोल."

मी सुरू केलं. "आमच्या गल्लीच्या वतीनं…"

तेवढ्यात शांताक्कांकडं लक्ष गेलं. त्या भिंतीला टेकल्या होत्या. अंग ओलं, वर पंख्याचं वारं. त्यांना खोकला आला होता आणि त्या तो येऊ देत नव्हत्या. पदराचा बोळा तोंडात कोंबलेला. डोळे बाहेर आलेले, मानेच्या शिरा टरारलेल्या. जन्मभर दारात बसून मोकळं खोकलेली बाई त्या हॉलमध्ये खोकायला भीत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिला होता. मार्क मिळाले होते. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

मी माईककडं पाठ फिरवली.

"शांताक्का, पदर काढा. खोका."

त्या मान हलवत राहिल्या.

"खोका म्हणते मी. मोकळं खोका."

आणि त्या खोकल्या. पोटातून, वाकून, दम लागेपर्यंत. हॉलमध्ये खुर्च्यांचा आवाज झाला. माणसं भिंतीकडं पळाली. पंपवाला आत धावला. मी त्याच्या आणि शांताक्कांच्या मधे उभी राहिले. म्हणाले, "आता आमच्या अंगावर पाणी टाकलंस तर तो पंप तुझ्या डोक्यात घालीन." तो थांबला.

मग मी साहेबांकडं बघून बोलले. माईकशिवाय. "मला आभार मानायला आणलंय. मी मानत नाही. आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवून खरं सांगितलं. तुम्ही माझ्या धडधाकट आईला आजाऱ्याशेजारी झोपवलं. ती ओरडून सांगत होती, तुम्ही ऐकलं नाही. त्याचं उत्तर द्या."

साहेब म्हणाले, "यांना बाहेर न्या." पेपरवाल्यांनी लिहून घेतलं, पण दुसऱ्या दिवशी छापून आलं एवढंच, की बैठकीत गोंधळ झाला.

पत्रे निघाले नाहीत. नवी पेठ उघडली, तरी आमचे पत्रे तसेच होते. बायकांनी मला शिव्या घातल्या, आणि त्या मी ऐकून घेतल्या, कारण भूक त्यांची होती. दुकानातून निरोप आला, परत येऊ नकोस, गिऱ्हाईक बिचकतं. जिचं लेकरू साखरपाणी पीत होतं, ती बाई पुढं कितीतरी महिने माझ्याशी बोलली नाही. मी बोलले ते बरोबर केलं का, असं लोक मला अजून विचारतात. हो, बरोबर केलं. अम्माच्या मरणावर आभाराचा हार मी घालणार नव्हते.

आता सगळं पूर्ववत झालं म्हणतात. परवा गल्लीत पुन्हा तपासणी आली, क्षयाची. चांगली पोरगी होती, घाम पुसत दारोदार फिरत होती. "खोकला आहे का, मावशी?" प्रत्येक दारातून उत्तर आलं, "न्हाय." शांताक्का आत श्वास कोंडून बसल्या होत्या. पोरगी पुढं गेली आणि त्या खोकल्या. पदराला रक्त होतं.

खरं सांगणाऱ्या बायका खोटं बोलायला शिकल्या. आणि आता खोटं बोलून मरतील. म्हणजे दोन्हीकडून मरण आमचंच.

दुसऱ्या दिवशी मी शांताक्कांना हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. त्या वाटेत दोनदा मागं फिरल्या. "नेऊन टाकतील गं मला." मी म्हणाले, "मला पण न्यावं लागेल त्यांना."

खिडकीतल्या माणसाला सांगितलं, "यांना खोकला आहे. रक्त पडतंय. बिडीचा आहे का क्षयाचा, ते तपासून सांगा. तपासणी होईपर्यंत यांना कुणा आजाऱ्याशेजारी झोपवायचं नाही. मला शब्द नकोय. काय करताय ते माझ्यासमोर करा."

तो वैतागला. "बाई, तुम्ही कोण यांच्या? नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असतं."

"मी यांच्या गल्लीची," मी म्हणाले. "आता आमच्यातली एकही बाई इथं एकटी येणार नाही. आणि मी बाहेर थांबणार नाही."