सुमित्राकाकूंचा बॅबिलोनी चिखल

ट्रॉय नावाच्या अमेरिकन गावातल्या लायब्ररीने सुमित्राकाकूंना वर्गासाठी खोली दिली होती ती फक्त शहाऐंशीच्या उन्हाळ्यापुरती. पुढे मिळणार की नाही, हे मुलांच्या शनिवारच्या प्रदर्शनावर ठरायचं होतं.

काकू मॅट्रिक, नोकरी शाळेच्या कॅफेटेरियात. पण बॅबिलोनवरची होती नव्हती तेवढी पुस्तकं त्यांनी डिक्शनरी मांडीवर घेऊन संपवलेली. "घड्याळात साठ मिनिटं कुणाच्या हिशेबाने आली, ते पोरांना कळायला नको?" म्हणत घरोघर फोन केले आणि बारा मुलं जमवली.

बॅबिलोनी लोक मातीच्या पाट्यांवर लिहीत; पण कार्पेटवर माती चालणार नाही, असं लायब्रेरियनबाईंनी बजावलं होतं. मग मराठी बाई काय करणार? कणीक मळली. मुलांनी चॉपस्टिकने तिच्यावर पाचरीसारखी अक्षरं उमटवली. शनिवारी सकाळी काकूंनी त्या पाट्या ओव्हनमध्ये घातल्या, तर सगळ्या टम्म फुगल्या. अक्षरं गायब. पिठात आधीच बेकिंग पावडर मिसळलेली होती, आणि पीठ आणलं होतं नरेंद्रकाकांनी.

"अगं, सेलवर होतं."

"पिशवीवर काय लिहिलंय ते वाचलंत? बॅबिलोनच्या शाळेत असता तर छडी खाल्ली असतीत."

काका खाली बघत म्हणाले, "टोमॅटोसाठी मागे खणलंय. सगळी चिकणमातीच आहे तिथे."

काकूंनी दोन बादल्या उचलल्या.

लायब्ररीच्या मागच्या हिरवळीवर बारा मुलं चिखलात बसलेली बघून लायब्रेरियनबाई धावत आल्या. काकूंनी मोडक्या इंग्रजीत, पण मान ताठ ठेवून सुनावलं, "ते लोकही पाट्या सहसा भाजत नसत. उन्हात वाळवायचे. चुकलं तर ओली माती पुसून पुन्हा लिहायचे. अशा मातीवरची त्यांची गणितं आज चार हजार वर्षांनी वाचता येतात. आपल्या लायब्ररीतलं एक तरी पुस्तक तेवढं टिकेल का?"

बाई काही बोलायच्या आत नऊ वर्षांच्या कांचनने त्यांच्या हातात मातीचा गोळा ठेवला. "हिअर, एक पाचर म्हणजे वन. सेम पाचर, एक घर डावीकडे, दॅट्स सिक्स्टी."

बाईंनी पाचर उमटवली. मग एक घर डावीकडे दुसरी. "किती झाले?" त्यांनी विचारलं.

"सिक्स्टी-वन," कांचन म्हणाली.

बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग पाटीकडे. ती पाटी त्यांनी आपल्या टेबलावर ठेवायला मागून घेतली.

"खोली वर्षभर तुमची," त्या म्हणाल्या. "माती मात्र बाहेरच."

"चालेल," काकू हात पुसत म्हणाल्या. "त्यांच्या शाळेत तरी कुठे कार्पेट होतं."