न बघता मागे केलेला हात

काल शाळेच्या कार्यक्रमात साहेबांना हार घातला. त्यांनी सवयीप्रमाणे तो लगेच उतरवला आणि न बघता हात मागे केला. आमदार होते तेव्हा तो हार झेलायला मागे चढाओढ असायची. काल मागे कुणीच नव्हतं. हात तसाच राहिला. मी त्यांचा ड्रायव्हर, दाराशी उभा होतो. पुढे होऊन हार घेतला.

आमदाराच्या समोर काय, सगळेच येतात. पण मागे न बघता हात करावा, इतका भरवसा जमवायला उभी हयात जाते.

आठवीतून शाळा सोडून मी घरापासून एवढ्या लांब आलो, तेव्हा साहेबांनीच मला गाडी शिकवून कामाला ठेवलं. ते निवडणूक हरल्यापासून धास्ती होती, आता ड्रायव्हर कशाला ठेवतील?

परतताना तेच म्हणाले, "नव्या आमदारांना ड्रायव्हर हवाय म्हणे. शब्द टाकू का रे?"

मी म्हणालो, "ते हार गळ्यातून काढतच नाहीत, साहेब. मी तिथं काय करू?"

निकालानंतर पहिल्यांदाच ते मोठ्यानं हसले. "बरं, सकाळी लवकर ये. एका बारशाला जायचंय."

पहिल्या निवडणुकीआधीही ते असेच बारशांना हिंडायचे म्हणतात.