वेगळी नळी

मिठाच्या पाण्याने गुळणी करायची आणि ती सगळ्यांनी एकाच चंचुपात्रात टाकायची, असं जीवशास्त्राच्या प्रयोगाच्या तासाला मॅडमनी सांगितलं. एकेकाच्या गुळणीत गालातल्या पेशी थोड्याच येतात. पेशीच्या केंद्रकात डीएनए किती दाट असतो याचा अंदाज काढायला त्या पुरत नाहीत.

"माझी वेगळ्या नळीत ठेवा," निनाद म्हणाला. "आमच्या घरी हे चालत नाही."

"का रे, उष्टं होईल?" सुजाताने विचारलं. तिची गुळणी नुकतीच पात्रात पडली होती.

कुळ मिरवणाऱ्या या लोकांची मला कीव येत नाही, किळस येते. थुंकीलाही यांना वेगळी पंगत हवी असते.

आम्ही पात्रात साबणाचं पाणी आणि मग गार अल्कोहोल ओतलं, तसे पांढरे तंतू वर तरंगले. त्यातला कुणाचा कुठला, हे कुठल्याही कुळाला सांगता आलं नसतं. यंत्राने डीएनए मोजला, त्याला पेशींच्या संख्येने आणि केंद्रकाच्या आकारमानाने भागलं, तेव्हा एवढ्याशा केंद्रकात तो काकवीसारखा दाट भरलेला निघाला. निनादच्या नळीत यंत्राला काहीच सापडलं नाही.

प्रयोगवहीत आकडा तर हवाच होता. त्याने सुजाताची वही मागितली.

"घे," ती म्हणाली. "आकडा कोरडा असतो, विटाळत नाही."

त्याने आमच्या उष्ट्याचा आकडा सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला.