खदानीतलं खालचं पाणी

आमच्या गावामागच्या खदानीचं पाणी मे महिन्यात दोन जातींचं असतं. वरचं असं तापतं की बाळंतिणीला न्हाऊ घालावं. त्याखाली पाय सोडला की गार. नुसतं गार नाही, चावरं. गिट्टी काढून सोडून दिलेली काळ्या दगडाची खोल खदान, तळाला झरे. त्या पाण्याला ऊन माहीतच नाही. मांडीपर्यंत वैशाख आणि गुडघ्याखाली पौष, मधे काही नाही. गावातल्या म्हाताऱ्या म्हणतात, खाली आसरा, पाण्यातल्या बाया, बसल्या आहेत, त्या पाय ओढतात. आसरा-बिसरा काही नाही. तापलेलं अंग एकदम त्या गारव्यात गेलं की छाती आवळते, तोंड आपोआप उघडतं, आणि तोंड उघडायची ती जागा नव्हे. एवढंच आहे.

हे मला काकांनी शिकवलं. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून त्यांनी मला शेतातल्या विहिरीत ढकललं, रडत वर आले तर पुन्हा ढकललं. त्यांचा कायदा एकच. उन्हातून आलं की काठावर बसायचं, मान भिजवायची, छातीवर पाणी मारायचं, श्वास ठिकाणावर आला की मग उतरायचं. सरळ उडी मारली तर बाहेर आल्यावर थोबाडीत. मी भरपूर खाल्ल्या. बाबा गेल्यापासून शेत मी पाहते, लग्नबिग्न केलं नाही, उन्हाळ्यात रोज सकाळी खदानीत पोहते. गावाला काय बोलायचं ते गाव बोलतं.

त्या वर्षी धोंड्याचा महिना भर उन्हात आला. या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, आणि जावयाच्या कोणत्याच गोष्टीला नाही म्हणायचं नाही. धाकटी बहीण पिपरी मेघेला दिलेली. तिच्या नवऱ्याचं मोबाईलचं दुकान. माणूस वाईट नाही, पण शहरातल्या पोहायच्या टाकीत चार हात मारतो म्हणून स्वतःला मासा समजायचा. जेवण झाल्याबरोबर म्हणाला, "ताई, तुमची खदान दाखवा. मस्त पोहू."

"आत्ता नाई," मी म्हटलं. "पोटात पुरण हाय, बाहेर लू चालून राह्यली. सकाळी जाऊ."

आईनं मला स्वयंपाकघरात ओढून दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "धोंड्याच्या महिन्यात जवायाले टोकतं? जाय, घेऊन जाय त्याहिले."

गेलो. धाकटी वर दरडीवर छत्री घेऊन उभी राहिली आणि तिनं सासूला व्हिडिओ कॉल लावला, लेकाची उडी पाहायला. मी खाली काठावर. "जवाईबापू, पहिले बसा. मान भिजवा." तो हसला. शर्ट काढला, दगडावर चढला आणि वरून सरळ सूर मारला. बस, झालं.

वर आला तेव्हा ओरडला नाही. डोळे फाटलेले, तोंड उघडं, आवाज नाही. पुन्हा खाली गेला. धाकटीला वाटलं, खेळ चालू आहे. ती वरून हसत होती, मला ऐकू येत होतं.

मी मानेवर ओंजळ मारली आणि उतरले. जवळ पोचले तर त्यानं माझा गळाच धरला. बुडणाऱ्याला बहीण कळत नाही, मेहुणी कळत नाही, त्याला वर चढायला काहीतरी पाहिजे असतं. आम्ही दोघं खालच्या पाण्यात गेलो. त्याचे अंगठे माझ्या नरड्यावर आणि सगळीकडून गार. मी पोटात बुक्की मारली, पण पाणी हात चालू देत नाही. मग त्याच्या मनगटाला चावले. रक्त आलं तोंडात, तरी सोडेना. गुडघा मारला. कसेबसे वर आलो तर तो पुन्हा माझ्या डोक्यावर चढायला लागला. आता हात मोकळा होता. मी त्याच्या नाकावर मारलं. पुन्हा मारलं. रागानं मारलं, खोटं कशाला बोलू. आईचा राग होता, त्या सूर मारण्याचा होता, आणि मला मरायचं नव्हतं. तो ढिला पडला तसे केस धरले आणि काठापर्यंत ओढत आणून गिट्टीवर फरफटत काढला. तिथं त्यानं पाणी आणि पुरण ओकलं.

धाकटी उतरून आली आणि तिनं माझ्या थोबाडीत मारली. फोन चालूच होता. तिच्या सासूला वरून एवढंच दिसलं होतं की सुनेची बहीण भर पाण्यात लेकाला बुकलते आहे.

घरी आल्यावर सासूचे फोनवर फोन. मोठीनं कान धरून माफी मागावी, नाहीतर सून पुन्हा माहेरची पायरी चढणार नाही. जावई सुजलेलं नाक घेऊन बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. आई म्हणाली, "मांग ना वं माफी. तुहं काय जाते?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय झालं ते सांगायला माझी जीभ झडली नव्हती, पण मी नाही सांगितलं. सांगायचं असेल तर ज्याचा जीव वाचला त्यानं सांगावं. मी दुपट्टा गळ्याभोवती गच्च गुंडाळून बसले. मे महिन्यात आमच्याकडे सगळेच गुंडाळतात, कोणी काही विचारलं नाही.

धाकटी बॅग भरत होती. आत्ता गेली तर कायमची जाणार, हे मला कळत होतं. छाती फुटत होती आणि तोंड उघडत नव्हतं.

चेन लावता लावता ती म्हणाली, "तुले माहा संसार पाहवत नाई, ताई. तुहा नाई झाला म्हनून."

मी उठले. काय करणार होते देव जाणे, हात वर गेला होता. तिनं तो चुकवायला माझा दुपट्टाच धरून ओढला आणि तो निघून आला.

ती पाहत राहिली. माझ्या गळ्यावर दोन्ही बाजूंनी बोटं उमटली होती, काळीनिळी, नखांनी कातडी निघालेली. तिनं आपली बोटं त्यांवर ठेवून पाहिली. तिची लहान पडली. मग तिनं बाजेकडे पाहिलं.

"मीच धरला होता गळा," तो भिंतीकडे पाहूनच म्हणाला. "ताईनं नसतं मारलं तं दोघंबी गेलो असतो."

फोन पुन्हा वाजला. तिनं बंद करून बॅगेवर टाकला. मग रांजणाकडे गेली, धुतलेलं फडकं पाण्यात बुडवलं आणि माझ्या गळ्याला लावलं.

रांजणाचं पाणी. गळ्याला लागल्याबरोबर माझा श्वास अडकला, तोंड उघडलं आणि हात सुटला. तिच्या कानशिलावर बसला, जोरात. ती हलली नाही.

"गार लागलं," मी म्हटलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा रडले.

तिनं फडकं पिळलं, आपल्या पोटाशी दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि तशीच उभी राहिली. ते कोमट झाल्यावर पुन्हा माझ्या गळ्याला लावलं.