चिनी बशीवरचं अर्धं फूल

मिरजगावहून नगरची एसटी धरली तेव्हा मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत दोन लुगड्यांत गुंडाळलेली आईची बशी. शेजारची बाई म्हणाली, "आजी, वर ठेवा की, लई जड दिसतीय." म्हटलं, "न्हाई बाई, अंडी हायेत." अनोळखी माणसाला खरं कशाला सांगा?

बशी पांढरी, काठाला निळी वेल, मध्ये भरगच्च पाकळ्यांचं फूल. आई सांगायची, थेट चीनहून आलेली. माझी धाकटी जाऊ मात्र म्हणते, "कुठली चीनची, अक्का? बाजारातली असंल." म्हणजे माझी आई खोटं बोलली? तेवढ्यासाठीच निघाले होते.

स्टँडवर पिशवी पायांत धरून भजी खाल्ली आणि कॅम्पाच्या बाजूला जुन्या वस्तूंचं दुकान गाठलं. पिकल्या दाढीचे चाचा बसले होते. म्हणाले, "द्या, आत नेऊन पुसून आणतो."

"इथंच पुसा."

"आजी, खाऊन टाकतो का काय मी?"

"खात नसाल, बदलत असाल."

ते हसले. मी नाही.

भिंग लावून बघत म्हणाले, "ही विलायती." मग सांगू लागले, चिनी कारागीर कुंचल्यानं फुलं काढायचे. विलायतेत ती वेल इतकी आवडली, की पडद्यांवर, भिंतींच्या कागदांवर, बश्यांवर तीच. पण तिथले कारखाने चित्र पातळ कागदावर छापायचे आणि तो कागद बशीवर दाबायचे. "हा बघा सांधा, कागदाची दोन टोकं जुळवली तिथला."

काठाच्या वेलीतलं एक फूल अर्ध्यातच तुटलेलं आणि लगेच दुसरं सुरू! "हातानं काढणारा असं सोडील का, आजी?" त्यांनी कपाटातली चिनी वाटी दाखवली. एक पाकळी दुसरीसारखी नाही.

मला वाटलं, स्वस्तात लाटायचा बेत दिसतो. म्हटलं, "मग ठेवून घेता का?"

"नको. घरी न्या, जपून वापरा."

आता या माणसावर संशय तरी कसला घ्यावा!

परतीच्या गाडीत एकदम आठवलं. पाहुण्यांपुढं ती बशी ठेवताना आई दर वेळी ती जराशी फिरवायची, एक बाजू नेहमी स्वतःकडे. आम्हाला वाटायचं, असेल काही रीत. म्हणजे तिला ठाऊक होतं!

जाऊ दारातच उभी. "काय निघालं, अक्का?"

बशीत शेंगदाण्याचे लाडू ठेवले, अर्धं फूल माझ्याकडे फिरवलं. "वेल चीनचीच हाय. खा."

ती खाताना बशीकडेच बघत होती. मी अर्ध्या फुलावर ठेवलेला हात काढला नाही.