अकराव्या आवर्तनात

साठी उलटलेल्या चार बायका एकत्र आल्या की सुनांचे किस्से आपोआप मागे पडतात आणि रिपोर्टांचे साठायला लागतात. इथे हिंदी मुलखात, आमच्या मानक नगरच्या मराठी मंडळात तर त्यांची चळत लागली आहे. त्यातला हा माझ्यावर बेतलेला. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावण्याआधी मीच सांगते.

*

चतुर्थीला आम्ही कॉलनीत कुणाच्या तरी घरी गणपतीच्या स्तोत्राची एकवीस आवर्तनं करतो. पुढे मी. शाळा चौथीपर्यंतच, पण ऐकून ऐकून स्तोत्र माझं मीच बसवलं आणि चाळीस वर्षांत एक ओळ चुकले नाही. आवर्तन मध्येच तोडायचं नाही, हा नियमही माझाच.

त्या दिवशी अकराव्या आवर्तनात माझी जीभ जड झाली. शब्द चिखलातून पाय ओढत चालल्यासारखे. मोजणीचे हरभरे उजव्या हातातून घरंगळले. सगळ्यांनी पाहिलं, पण नियम म्हणजे नियम. कुणी थांबलं नाही. माझी जुनी वैरीण विमल नंतर म्हणाली, "मला वाटलं, तू मोजणीत लबाडी करतेयस."

चौदाव्याला जीभ सुटली. आरतीपर्यंत मी ठणठणीत. गॅस असेल, असं मी जाहीर करून टाकलं.

*

नात रेवा मला घ्यायला आली. हिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. विमलने लगेच चुगली केली. मी म्हटलं, आता ठीक आहे, उद्या बघू.

"ठीक हो गया, इसीलिए तो अभी चलना है, आजी."

हॉस्पिटलच्या दारापर्यंत मी तिच्याशी भांडले. विमल न बोलावता मागच्या सीटवर बसली होती.

*

इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना आधी एकच हवं होतं: नेमकं कधी सुरू झालं आणि किती वेळ टिकलं?

"अकराव्या आवर्तनात सुरू, चौदाव्यात बंद," विमल हिंदीत म्हणाली.

"माताजी, घड़ी में बताइए."

तेव्हा विमलने तिथेच, दोन खाटांच्या मधे उभं राहून, डोळे मिटून एक आवर्तन म्हटलं. सिस्टरने घड्याळ लावलं. डॉक्टरांनी तिनाने गुणून कागदावर लिहिलं.

पलीकडच्या खाटेवरचे बुजुर्ग हळूच म्हणाले, "माशाअल्लाह. एक बार और."

*

मग एमआरआय, मानेतल्या शिरांची सोनोग्राफी, ईसीजी. डॉक्टरांनी समजावलं: मेंदूकडे जाणारं रक्त जरा वेळ अडलं आणि वाट पुन्हा मोकळी झाली. बहुधा मिनी स्ट्रोक. इजा दिसत नाही, पण मोठा झटका यायचा तर पुढचे काही दिवस सगळ्यात धोक्याचे. रक्त पातळ ठेवायची गोळी, बीपीची गोळी, एकही चुकवायची नाही. आणि परत असं काही झालं, तर थांबेल म्हणून वाट बघायची नाही. लगेच यायचं.

मरणाला मी भ्यायले नाही. जिभेला भ्यायले. मी जी काही आहे ती या जिभेच्या जोरावर. ती पुन्हा जड झाली आणि सुटलीच नाही तर? वॉर्डात भिंतीकडे तोंड करून मी स्तोत्र पुटपुटत राहिले. भक्ती नव्हे, तपासणी.

*

घरी आल्यावर लोणचं-पापड बंद. आणि रोज सकाळी विमल दारात, सिस्टरने शिकवलेली झटक्याची तपासणी घ्यायला: हस, दोन्ही हात वर कर, एक वाक्य बोल.

बत्तीस वर्षांत या बाईकडे बघून मी हसले नव्हते. आता रोज, तेही उपाशीपोटी.

वाक्य मी बोलायचे, "विमल, तुझे पोहे कोरडे होतात."

"जीभ शाबूत आहे," ती रेवाला सांगायची आणि जायची.

*

पुढच्या चतुर्थीला मी पुन्हा पुढे बसले. सातव्या आवर्तनात तोंड उघडलं आणि पुढे काहीच येईना.

मी हात वर केला. आवर्तन तुटलं. या खेपेला सोबत आलेल्या रेवाने गाडीची किल्ली उचलली.

विमल उठून माझ्यासमोर येऊन बसली. "हस."

हसले.

"हात."

दोन्ही वर गेले.

"बोल, काय होतंय?"

"काही होत नाहीये." हे सांगणं मला त्या हॉस्पिटलपेक्षा जड गेलं. "ओळ विसरले."

"विसरलीस? तू?"

"हो."

विमलने पदराने डोळे पुसले, उठली, आणि पंधरा आवर्तनं बाकी असताना सगळ्यांना प्रसाद वाटून टाकला.